‘अर्गोनॉमिक’ म्हणजे नेमकं काय? शरीराचा हिशेब आणि रोजच्या वस्तू

खुर्ची अर्गोनॉमिक, उशी अर्गोनॉमिक, माऊस अर्गोनॉमिक, पाठीवरची बॅगही अर्गोनॉमिक. हा शब्द इतक्या वस्तूंवर दिसतो की घेणाऱ्याला त्यातून काही बोध होईनासा झाला आहे. तो छापण्यासाठी उत्पादकाला सहसा कुठली परीक्षा द्यावी लागत नाही, त्यामुळे खरा कुठला आणि नुसता चिकटवलेला कुठला हे ओळखणं आपल्याच गळ्यात पडतं. मला याची खंत वाटते, कारण या शब्दामागे मोजमापावर उभं असलेलं पक्कं शास्त्र आहे. त्याने वैमानिकांच्या चुका कमी केल्या, संधिवाताने आखडलेल्या हातांना पुन्हा काम करू दिलं, आणि कंबरदुखीबद्दलच्या कितीतरी समजुती तपासून पाहिल्या. ते समजून घ्यायला फार गणित लागत नाही. गुणाकार-भागाकार पुरतो.

संज्ञा दोनच. बायोमेकॅनिक्स, म्हणजे जैवयांत्रिकी, हाडं, सांधे आणि स्नायूंवर कधी किती जोर येतो हे मोजते. अर्गोनॉमिक्स ती मोजमापं घेऊन वस्तू, जागा आणि कामाची पद्धत माणसाला जुळेल अशी घडवतं. पहिलं शास्त्र शरीरात काय घडतंय ते सांगतं आणि दुसरं त्यासाठी बाहेर काय बदलायचं ते.

हलकी वस्तू उचलताना कंबर का धरते?

बागेतला सी-सॉ आठवा. टेकूपासून लांब बसलेलं लहान मूल टेकूजवळ बसलेल्या मोठ्या माणसाला सहज वर उचलतं. वजन किती, याइतकंच ते टेकूपासून किती लांब याला तिथे महत्त्व असतं. आपल्या पाठीत दिवसभर हाच खेळ चालू असतो. कंबरेचे मणके म्हणजे टेकू. त्यांच्या मागे साधारण ५ सेंटिमीटरवर पाठीचे स्नायू ओढ धरून असतात, आणि पुढच्या बाजूला, बरीच लांब, हातात धरलेली वस्तू असते.

समजा १० किलोचं खोकं मणक्यापासून ५० सेंमी पुढे धरलं आहे. १० गुणिले ५० म्हणजे ५००. मागच्या स्नायूंकडे जेमतेम ५ सेंमी अंतर, म्हणून तोल राखायला त्यांना १०० किलोची ओढ लावावी लागते. तेच खोकं पोटाशी घेतलं आणि अंतर २० सेंमी झालं, तर ओढ ४० किलोवर येते. यात वाकलेल्या धडाचं वजन धरलेलंच नाही. ते धरलं की आकडे आणखी वाढतात. खोकं तेच, माणूसही तोच, तरी नुसतं अंतर कमी केल्याने भार निम्म्याहून खाली आला.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायॉश ही सरकारी संस्था आहे. ओझं किती असावं याचं तिचं सूत्र १९९१ मध्ये सुधारलं गेलं, आणि ते याच तत्त्वावर उभं आहे. सगळं अनुकूल असेल, म्हणजे ओझं शरीराजवळ, अंग न पिळता, योग्य उंचीवरून आणि क्वचितच उचलायचं असेल, तर मर्यादा २३ किलो. हात घोट्यांपासून ५० सेंमी पुढे गेले की ती मर्यादा निम्मी होते. उंची वाईट असेल, वळावं लागत असेल, दर मिनिटाला उचलावं लागत असेल, तर प्रत्येक गोष्टीसाठी ती आणखी खाली येते.

“गुडघे वाकवून उचला, पाठ वाकवू नका”, हे खरं का?

अर्धं खरं. जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चकतीत दाब मोजणारा संवेदक बसवला. चकती म्हणजे दोन मणक्यांमधला लवचिक भाग. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजमापांत नुसतं उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल (दाब मोजायचं एकक) होता. पाठ वाकवून २० किलो उचलताना तो २.३ वर गेला, गुडघे वाकवून उचलताना १.७ वर. आणि तेच ओझं अंगाशी धरून उभं राहिल्यावर १.१. एकाच माणसाची ही मोजमापं आहेत, म्हणून प्रत्येकाला हेच आकडे लागू होतील असं समजू नये. चढउतार कुठल्या दिशेने आहे ते मात्र स्पष्ट दिसतं.

गुडघे वाकवल्याने फायदा झाला, पण ओझं जवळ असेल तरच तो टिकतो. रुंद खोकं असेल आणि ते वाकवलेल्या गुडघ्यांच्या पुढे राहिलं, तर अंतर वाढतं आणि मिळवलेलं सगळं गमावतं. म्हणून मला विचाराल तर पहिली सूचना ‘जवळ घ्या’ ही असावी, आणि गुडघ्यांची गोष्ट त्यानंतर. त्याही आधीचा प्रश्न असा की ते मुळात उचलायलाच हवं का? प्रवासाच्या बॅगेला चाकं लावण्याचं पेटंट बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये मिळालं. रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये उभी चालणारी, लांब दांड्याची बॅग बनवली. उचलण्याची योग्य पद्धत शिकवून जे साधलं नसतं, ते उचलणंच संपवून साधलं.

काठी कोणत्या हातात धरायची?

उजवा खुबा दुखतोय. काठी कोणत्या हातात? बहुतेक जण उजव्या हातात धरतात, कारण दुखऱ्या बाजूला आधार हवा हे मनाला पटतं. योग्य उत्तर आहे डावा हात. कारण समजलं की ते आयुष्यभर विसरायला होत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर असतो. ६० किलो वजनाच्या माणसाचा टेकलेला पाय वगळला, तर साधारण ५० किलो शरीर त्या एका खुब्यावर तोललेलं असतं. या ५० किलोंचा मध्य खुब्यापासून सुमारे १० सेंमी आतल्या बाजूला पडतो. शरीर तिकडे कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू खेचून धरतात. त्यांचं अंतर पुन्हा तेच, ५ सेंमीच्या आसपास. म्हणजे त्यांना १०० किलोची ओढ लावावी लागते. सांध्यावर शरीराचे ५० आणि स्नायूंचे १००, असे १५० किलो येतात. ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला अडीचपट भार.

हा नुसता कागदी हिशेब नाही. बर्लिनमध्ये गेऑर्ग बर्गमान आणि सहकाऱ्यांनी संवेदक बसवलेले कृत्रिम खुबे रुग्णांना बसवून प्रत्यक्ष मोजमाप घेतलं. सपाट जमिनीवर साधं चालताना वजनाच्या सुमारे अडीचपट भार आला. अडखळल्याच्या क्षणी तो आठपटींच्याही वर गेलेला नोंदवला गेला.

आता काठी डाव्या हातात द्या. ती उजव्या खुब्यापासून लांब टेकते, समजा ३५ सेंमी. तिच्यावर ८ किलोचा भार दिला तर ८ गुणिले ३५, म्हणजे २८०. कलंडवणारे जे ५०० होते त्यातून हे वजा झाले, उरले २२०. स्नायूंची ओढ १०० वरून ४४ किलोवर आली. सांध्यावरचा एकूण भार १५० वरून सुमारे ८६. प्रत्यक्ष चालताना एवढा मोठा फरक सगळ्यांना मिळत नाही, कारण प्रत्येक जण प्रत्येक पावलाला काठीवर तितका भार देत नाही. तरी आठ किलोच्या रेट्याने साठ किलोंच्या घरातला भार उतरू शकतो, हे केवळ अंतरामुळे. तीच काठी दुखऱ्या बाजूला धरली तर तिचा रेटा शरीराला नको त्या दिशेने ढकलतो, आणि ते सावरण्यासाठी माणूस सगळं अंग काठीवर झुकवत चालू लागतो. दुखऱ्या बाजूलाच काठी धरून कष्टाने चालणारी वडीलधारी माणसं पाहिली की वाटतं, काठीबरोबर कुणी हे दोन मिनिटांत समजावून सांगायला हवं होतं.

मुठीत मावणारी गोष्ट

उद्योजक सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना हाताचा संधिवात होता, आणि साल काढायचं धातूचं बारीक सोलणं धरताना त्यांना त्रास होई. त्यातून १९९० मध्ये ऑक्सो कंपनीची जाड, मऊ मुठीची अवजारं बाजारात आली. मूठ का बदलली ते पाहा. बारीक दांडा धरायला बोटं घट्ट आवळावी लागतात, आणि सगळा दाब कातडीच्या एका अरुंद पट्टीवर येतो. मूठ जाड केली की तोच जोर तळव्याच्या मोठ्या भागावर पसरतो. ती गोल न ठेवता लंबगोल ठेवली की हातात फिरत नाही, म्हणून फिरू नये यासाठी वेगळा जोर लावावा लागत नाही. जोर लावून पकडायच्या वस्तूंची मूठ साधारण ३० ते ५० मिलिमीटर जाडीची असावी असा सर्वसाधारण नियम आहे. पेनासारख्या नाजूक कामाच्या वस्तूंना मात्र बारीकच दांडा बरा.

संधिवात नसलेल्या माणसांनाही ती अवजारं आवडली. अडचणीत असलेल्या हातासाठी नीट विचार करून केलेली वस्तू बहुतेकदा सगळ्यांच्याच हाताला सुखाची ठरते. गोल मुठीच्या दारापेक्षा आडव्या दांड्याचं हँडल कोपराने, मनगटाने, हातात सामान असतानाही उघडता येतं, तसंच हे.

मनगटाबद्दल एकच मुद्दा, पण महत्त्वाचा. तळव्याच्या बुडाशी हाड आणि अस्थिबंधांनी, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांनी, बनलेला एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटांच्या नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि एक मुख्य नस जाते. मनगट खाली किंवा वर बरंच वाकवलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो, आणि खाली वाकवल्यावर मुठीची ताकदही घटते. म्हणून चांगल्या पक्कडीचा किंवा करवतीचा दांडा वाकवलेला असतो: अवजार वाकलं की मनगट सरळ राहतं. कीबोर्डच्या मागच्या बाजूचे ते छोटे पाय उघडले की मनगट वर वाकतं, तेव्हा ते मिटलेलेच बरे.

“ताठ बसलं की झालं ना?”

शाळेपासून कानावर पडलेलं हे वाक्य. १९६० आणि ७० च्या दशकांत स्वीडनमधले आल्फ नाकेमसन यांनी चकतीतला दाब मोजला तेव्हा बसताना तो उभ्यापेक्षा बराच जास्त आढळला, आणि ‘बसणं वाईट’ हा समज पक्का झाला. पुढे विल्के यांच्या मोजमापांत आरामात बसलेल्या माणसाचा दाब ०.४६ मेगापास्कल निघाला, उभ्याच्या ०.५ पेक्षा किंचित कमीच. शास्त्रात असं होतं. उपकरणं सुधारली की जुना आकडा पुन्हा तपासला जातो.

मग बसून बसून पाठ दुखते ती का? मुख्य कारण स्थिर राहणं. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्याच्यातला रक्तप्रवाह अडतो, मग ओढ अगदी थोडी असली तरी काही वेळाने तो थकतो. चकत्यांच्या आतल्या भागाला प्रौढपणी स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्यांचं पोषण आजूबाजूच्या द्रवातून झिरपून होतं. आणि अस्थिबंध ताणून धरले की हळूहळू सैल होतात. स्टुअर्ट मॅकगिल आणि ब्राऊन यांनी १९९२ मध्ये दाखवलं की २० मिनिटं पुढे वाकून बसल्यावर आलेला सैलपणा दोन मिनिटं विश्रांती घेऊन साधारण निम्माच भरून निघतो. यातली व्यवहाराची गोष्ट अशी: तासभर पोक काढून बसल्यावर उठलात की लगेच जड काही उचलू नका. आधी चार पावलं चाला.

म्हणजे ताठ बसणंही, ते तासन्‌तास असेल तर, तितकंच थकवणारं. जगातली कुठलीही एक बैठक सगळ्यांसाठी सर्वोत्तम आहे असा पुरावा नाही. चांगली खुर्ची तुम्हाला एका ‘योग्य’ स्थितीत जखडत नाही, ती हलू देते. पाठ मागे कलते, पाय टेकतात, गुडघ्यांमागे दोन-तीन बोटं जागा राहते, हातांना आधार मिळतो पण खांदे वर ढकलले जात नाहीत. मांडी आणि धड यांच्यात नव्वद अंशांचा काटकोन हवाच, या आग्रहाला डॅनिश शल्यचिकित्सक आ. सी. मांडाल यांनी चार दशकांपूर्वीच आव्हान दिलं होतं. त्या कोनात ओटीपोटाचं हाड मागे कलंडतं आणि कंबरेची नैसर्गिक खोलगट कमान सपाट होते. मांड्या थोड्या खाली उतरत्या ठेवल्या की ती कमान टिकायला मदत होते.

“मग उभं राहूनच काम करतो”

उंची बदलणारी टेबलं आली आणि अनेकांना हा सुटकेचा मार्ग वाटला. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०१८ च्या आढाव्यानुसार अशा टेबलांमुळे कामावरचं बसणं दिवसाला साधारण दीड-पावणेदोन तासांनी कमी होतं, पण तो पुरावा कच्च्या दर्जाचा आहे आणि आरोग्यावर नेमका काय परिणाम होतो हे त्यातून ठरत नाही. दिवसभर उभं राहण्याचे परिणाम मात्र उभ्याने काम करणाऱ्या कुणालाही विचारा: पाय जड होतात, सुजतात, शिरा फुगतात. एका जागी बसणं सोडून एका जागी उभं राहणं पत्करलं तर मूळ दुखणं तसंच राहतं. असं टेबल असेल तर ते दिवसातून अनेकदा वरखाली करण्यासाठी वापरा. नसेल तर फोन आला की उठा, पाणी लांब ठेवा.

मोबाईलमुळे मानेवर खरंच २७ किलो?

चित्रासकट फिरणारा हा आकडा २०१४ मधला, शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांच्या संगणकीय प्रारूपातून आलेला. डोकं सरळ असताना साधारण ५ किलो. ६० अंश वाकवलं की मानेवरचा जोर २७ किलोंइतका. तत्त्व तेच, आपल्या सी-सॉचं. पण हा आकडा हिशेबाने काढलेला आहे, लोकांच्या मानेत मोजलेला नाही. आणि मान निरोगी असेल तर ती असे जोर रोज पेलते. घाबरून जावं असं यात काही नाही. फोन थोडा वर धरा, कोपर कशावर तरी टेकवा, आणि सलग पाहणं तोडा, इतकं पुरे.

लॅपटॉपचा प्रश्न जास्त खरा आहे, कारण तिथे चूक रचनेतच आहे. पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या. पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणला तर हात हवेत, हात सुखात ठेवले तर मान खाली. कितीही ‘नीट’ बसलं तरी हा पेच सुटत नाही. लॅपटॉप उंचावर ठेवून वेगळा कीबोर्ड लावला की क्षणात सुटतो. दिवसाचे बरेच तास त्यावर काम करणाऱ्याने महागडी खुर्ची घेण्याआधी हे करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘सगळ्यांना बसेल’ म्हणजे कुणाला?

१९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. कॉकपिट सरासरी मापावर बेतायचा होता. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यातली दहा मापं निवडली आणि पाहिलं की दहाही मापांत मधल्या तीस टक्क्यांत बसणारे किती जण आहेत. उत्तर आलं, एकही नाही. उंची सरासरी असेल तर हात लांब, हात सरासरी तर छाती रुंद. सरासरी माणसासाठी केलेली जागा कुणालाच नीट बसत नव्हती. त्यानंतर कॉकपिट बऱ्याच मोठ्या पल्ल्याच्या मापांना जुळतील असे करण्याचा आग्रह सुरू झाला. पुढे-मागे सरकणारं आसन आज आपल्याला इतकं साधं वाटतं, त्यामागे हाच विचार आहे.

पण मोजायला कुणाला घेतलं हा प्रश्न अजून संपलेला नाही. मोटारींच्या धडक चाचणीत वापरला जाणारा हायब्रिड-३ हा पुतळा १९७६ पासूनचा; १७५ सेंमी उंच, ७८ किलोचा पुरुष. ‘स्त्री’ म्हणून वापरला जाणारा पुतळा दीड मीटर उंचीच्या, ४९ किलोच्या, म्हणजे अगदी लहान चणीच्या बाईचा आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की पट्टा बांधलेल्या चालकांत, धडक सारखी असताना, स्त्रियांना गंभीर इजा होण्याची शक्यता ४७ टक्क्यांनी जास्त होती. गाडीचा आकार आणि धडकेचा प्रकार यांमुळेही काही फरक पडतो, आणि नव्या गाड्यांत ही दरी कमी झाली आहे. तरी सरासरी स्त्रीच्या बांध्याचा पुतळा स्वीडनमध्ये आस्ट्रिड लिंडर यांच्या चमूने पुढे आणला तो २०२२ मध्ये: १६२ सेंमी, ६२ किलो. पहिल्या पुतळ्यानंतर इतक्या वर्षांनी. याचं मला मनापासून दुःख वाटतं, कारण अडचण तंत्रज्ञानाची नव्हती. निम्म्या माणसांना मोजावं असं कुणाला तातडीचं वाटलं नाही.

चूक माणसाची की बटणाची?

दुसऱ्या महायुद्धात बी-१७ ही अमेरिकी बाँबफेकी विमानं सुखरूप उतरल्यावर वैमानिक अचानक चाकं आत ओढून घेत आणि विमान धावपट्टीवर पोटावर बसे. दोष वैमानिकांवर जाई. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चापानिस यांनी पाहिलं तेव्हा चाकांचा आणि पंखांच्या झडपांचा खटका शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे होते. त्यांनी एका खटक्याला चाकाच्या आकाराची रबरी मूठ लावली, दुसऱ्याला पाचरीच्या आकाराची. हाताला न बघता फरक कळू लागला. आजही विमानात चाकांच्या खटक्याची मूठ चाकासारखीच असते.

शेगडीवर हाच घोटाळा घरोघर चालू आहे. चार बर्नर चौकोनात आणि चार बटणं एका ओळीत, कोणतं कोणाचं? १९५९ मध्ये चापानिस आणि लिंडेनबॉम यांनी वेगवेगळ्या मांडण्यांची चाचणी घेतली. बर्नर बटणांच्या क्रमाने थोडे डावी-उजवीकडे सरकवलेले होते त्या मांडणीत एकही चूक झाली नाही. चौकोनी मांडण्यांत होतच राहिल्या. साठ वर्षं उलटली, आणि नवी शेगडी घेतली तर ती बहुधा चौकोनीच मिळते. तोपर्यंत बटणाशेजारी रंगाचा ठिपका लावून पाहा.

जिन्याचं तसंच. सपाट चालताना पुढे येणाऱ्या पायाचा चवडा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतो. जिना चढतानाही दोन-तीन पायऱ्यांत पायाला माप कळतं आणि तो तितकाच उचलला जातो. मधली एखादी पायरी थोडी जरी उंच असली तरी ठेच लागते. पडणाऱ्याला ‘लक्ष कुठे होतं’ म्हणून विचारलं जातं. पायरी मोजायला हवी.

“आधीच्या पिढ्यांना कुठे होतं हे सगळं?”

नव्हतं, आणि त्यांना त्रासही होता. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ मध्ये लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं नोंदवली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरचा ताण. आजच्या ऑफिसला ती यादी जशीच्या तशी लागू पडते. फरक असा की तेव्हा बैठं काम मोजक्याच लोकांचं होतं.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: सगळं सोपं करून ठेवलं तर शरीर कमकुवत होणार नाही का? हाडं आणि स्नायू भाराला उत्तर देतात, भार मिळाला की घट्ट होतात, काढून घेतला की झिजतात. अंतराळात काही महिने राहिलेल्यांना याचा अनुभव येतो. म्हणून उद्देश भार संपवण्याचा नाही. तासन्‌तास चालणारी, एकाच बिंदूवर येणारी, शरीराला सावरायला वेळ न देणारी ओढ काढायची, आणि चालणं, जिने चढणं, पेलवेल तसं वजन उचलणं मुद्दाम ठेवायचं.

पट्टा, बूट, गादी

कंबरेचा पट्टा: २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नऊ हजारांहून अधिक दुकान-कर्मचाऱ्यांच्या अमेरिकी अभ्यासात पट्टा वापरणाऱ्यांची कंबरदुखी कमी झालेली दिसली नाही. डॉक्टरांनी दिला असेल तर वेगळी गोष्ट. धावण्याचे बूट: तळपायाचा आकार पाहून बूट ठरवण्याची पद्धत अमेरिकी सैन्याने नव्या भरतीवर तपासली, इजा कमी झाल्या नाहीत. जैवयांत्रिकीचे संशोधक बेनो निग यांचं म्हणणं असं की पायाला जो बूट सुखाचा वाटतो तोच निवडावा, आणि मला ते पटतं. गादी: २००३ मधल्या स्पेनमधल्या अभ्यासात, जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांत, कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम मिळाला. ‘पाठीला कडकच हवी’ ही समजूत बाजूला ठेवायला हे पुरेसं आहे.

दुकानात उभं राहून काय तपासायचं

वस्तूवरचं लेबल बाजूला ठेवा. हातात घ्या, बसा, वापरल्यासारखं करून पाहा. एक मिनिट नको, दहा मिनिटं. ओझं तुमच्यापासून किती लांब जातंय? मनगट सरळ राहतंय का? माप बदलता येतं का, आणि ते बदलणं इतकं सोपं आहे का की घरातले दुसरे कुणी बसले तर खरंच बदलतील? माप बदलता येणारी खुर्ची घेऊन ती आल्या दिवसापासून तशीच ठेवणारे खूप आहेत. तिचे खटके एकदा शांतपणे समजून घेणं हा खरेदीचाच भाग धरा. आणि विक्रेत्याला विचारा की ही कोणत्या उंचीच्या, वजनाच्या माणसांसाठी आहे. उत्तर ‘सगळ्यांसाठी’ असं आलं तर आणखी प्रश्न विचारा.

दुखणं मात्र नेहमी वस्तूंतून येत नाही. अपुरी झोप, ताण, जुना आजार, हालचालीची भीती यांचाही त्यात मोठा वाटा असतो, आणि खुर्ची त्यावर इलाज करू शकत नाही. हातापायात मुंग्या किंवा बधिरपणा, ताकद कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, यांतलं काहीही असेल तर फर्निचर बदलत वेळ घालवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.